किहीमची सुगरण आणि आमची बाभूळ

"हुदहुद कोणी कोणी पाहिला आहे?" असे मी सहावीच्या वर्गात विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही. हजरत सुलेमान यांना सबाच्या राणीची खबर आणून देणारा हुदहुद सगळ्यांना ठाऊक होता. किस्सा तोंडपाठ होता. पण हुदहुद हा खरोखरचा पक्षी आहे आणि तो आपल्या इंदापूर तालुक्यातही राहतो, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधी मैदानाच्या कडेला लांब, बाकदार चोचीने माती उकरणारा एक तुरेवाला पक्षी मी मुलांना दाखवला. एक जण म्हणाला, "आपा, हा तर सुतार आहे." मी म्हटले, "सुतार झाडाच्या खोडावर चोच मारतो. हा जमिनीवर किडे शोधतो आहे. हाच तुमचा हुदहुद." मुले इतकी गप्प झाली, की जणू किश्श्यातले कोणी उठून शाळेच्या मैदानात आले होते.

मुलांना हसण्याचा मला अधिकार नाही. डॉ. सलीम अली हे नाव माझ्यासाठीही कित्येक वर्षे असेच होते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकातला प्रश्न, 'भारताचे पक्षीपुरुष कोण?', आणि त्याचे एका ओळीचे उत्तर. बी.एड. होईपर्यंत ते उत्तर मी अनेकदा लिहिले आणि गुणही मिळवले. पण या माणसाने नेमके काय केले, कुठे केले, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्यांचे पहिले मोठे संशोधन आपल्याच मराठी मुलखात, अलिबाग तालुक्यातल्या किहीम या किनाऱ्यावरच्या गावी, एका पावसाळ्यात झाले. त्याचा विषय होता सुगरण पक्षी. आमच्या अंथुर्ण्यात विहिरीवरच्या बाभळीला घरटी टांगणारा तोच पक्षी. हे कळले तेव्हा आपण आपल्या घरातलेच काही हरवून बसलो होतो, असे वाटले.

मामांच्या घरातला मुलगा

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. या यतीम मुलाला मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात वाढवले. हे तय्यबजी घराणे आपल्या वाचकांना नवे नाही. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांत अग्रभागी असलेले आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. नात्याने मामा लागणारे अब्बास तय्यबजी हे १९३० साली गांधीजींच्या अटकेनंतर धारासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करायला पुढे झाले आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षी तुरुंगात गेले.

अमिरुद्दीन मामा शिकारी होते. घरात बंदुकांचे कौतुक होते आणि लहानग्या सलीमच्या हाती छऱ्यांची बंदूक आली होती. एकदा त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची घरचिमणी नव्हती. मग ही कोणती, आणि मुसलमानाने ती खावी की नाही, असा दुहेरी प्रश्न मुलाला पडला. मामांनाही उत्तर देता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे त्या मुलापुढे उघडली. हलाल-हरामच्या शंकेने निघालेला मुलगा इल्मच्या दारात जाऊन पोहोचला.

ही सोसायटी म्हणजे निव्वळ साहेबांचा शौक होता, असा एक समज आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी ती स्थापन केली आणि त्यांत दोन मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील आणि देशी औषधी वनस्पतींचे जाणकार. म्हणजे आपल्या मातीतली झाडे-पाखरे नोंदवण्याच्या या कामात आपली माणसे पहिल्या दिवसापासून होती.

आणि ही परंपरा त्याहूनही जुनी आहे. बाबराने आपल्या आत्मवृत्तात हिंदुस्थानातली झाडे, फळे, जनावरे आणि पाखरे किती बारकाईने लिहून ठेवली! जहांगीरने पाळलेल्या सारसांच्या जोडीचे वागणे, अंडी आणि पिले यांची नोंद केली, आणि त्याच्या दरबारी उस्ताद मन्सूर पक्ष्यांची हुबेहूब चित्रे काढत होता. खुद्द सलीम अलींनी १९२७-२८ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात मोगल बादशहांच्या निसर्गप्रेमावर आणि शिकारीवर लेखमाला लिहिली. शिकार आणि निरीक्षण या दोन्ही गोष्टी तेव्हा एकाच हातात होत्या, हे त्यांनी लपवले नाही. त्यांच्या स्वतःच्या हातातही त्या दोन्ही होत्या.

बेकारीतला पावसाळा

सलीम अलींचे शिक्षण सरळ झाले नाही. डोकेदुखीने शाळा सुटली, १९१३ साली कसेबसे मॅट्रिक झाले. कुटुंबाच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशात गेले. तिथे धंद्यापेक्षा जंगलात मन रमले. १९१८ साली तहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. आपले ज्ञान अपुरे आहे हे जाणवले म्हणून ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझमान या थोर पक्षितज्ज्ञाकडे शिकले. १९३० साली परत आले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

तेव्हा त्यांचे वय तेहतीस होते. बी.एड. करून जागा निघण्याची वाट पाहत मीही काही वर्षे काढली आहेत. शिकून परत यावे आणि खुर्चीच नसावी, याचा अर्थ मला कोणी समजावून सांगायला नको. पण त्या रिकाम्या दिवसांत मी काय केले आणि त्यांनी काय केले, याची तुलना केली की मान खाली जाते.

मुंबईत राहणे परवडेना, म्हणून सलीम आणि तहमिना किहीमला येऊन राहिले. तय्यबजी गोतावळ्यातल्या अनेकांची उन्हाळी घरे या किनाऱ्यावर होती. समोर समुद्र, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, भाताची खाचरे. विलायतेत शिकलेल्या तहमिनाबाईंनी नवऱ्याच्या या बिनपगारी कामाला कधी नाक मुरडले नाही, उलट साथ दिली. पावसाळा सुरू झाला आणि सुगरणींची वसाहत गजबजली. सलीम अली वही घेऊन बसले. कोणता नर कोणत्या घरट्यावर, मादी कधी आली, कुठे शिरली, कोणते घरटे टाकून दिले, हे ते रोज, तासन्‌तास नोंदवत राहिले.

तोपर्यंत समज असा होता, की सुगरणीचे एक जोडपे असते. अर्धवट सोडलेली घरटी दिसत, ती नराने आपल्या विसाव्यासाठी बांधलेली असतात असे मानले जाई. खेड्यापाड्यांत आणखी गमतीचे समज होते. घरट्यात मातीचे गोळे सापडतात, त्यांवर सुगरण काजवे चिकटवून दिवा लावते, असे माझी दादी सांगायची. किहीमच्या वहीतून वेगळेच चित्र निघाले. घरटे बांधतो तो नर. भाताच्या किंवा उसाच्या पात्याला चोचीने खाच पाडून तो लांब धागा सोलून काढतो आणि एका घरट्यासाठी पाचशेपर्यंत फेऱ्या मारतो. घरटे निम्मे झाले, उपड्या टोपासारखे दिसू लागले, की तो पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरतात, विणकाम तपासतात. पसंत पडले तर राहतात, नाही तर निघून जातात. नापसंत घर अर्धेच राहते. पसंतीनंतर नर लांब नळीसारखे दार विणून घरटे पुरे करतो. मादी अंडी उबवायला बसली, की तो शेजारी दुसरे घर बांधायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो.

हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची मुले खुदखुदली. मी म्हटले, "हसू नका. चार-चार घरे करायची हौस दिसते, पण आधी प्रत्येकीला घर बांधून द्यावे लागते, आणि तेही तिने पसंत करावे लागते." मुलींनी टाळ्या वाजवल्या.

आमच्या घरात मला लहानपणापासून ऐकवले गेले, की "पोरी, सुगरणीकडून शीक." मराठी भाषेने तर या पाखराला नावच बाईचे दिले. बहिणाबाईंच्या कवितेतही खोपा तीच बांधते. म्हणून कविता खोटी ठरते असे नाही, कारण अंडी उबवण्याचे काम मादीचेच आणि पिलांना भरवण्याचे बहुतेक कष्टही तिचेच. पण विणकर मात्र नर असतो. हे सांगायला कोणाला तरी एक अख्खा पावसाळा घरट्याखाली बसावे लागले. १९३१ साली हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सलीम अली हे नाव जगातल्या अभ्यासकांना कळले.

त्यानंतर ते थांबले नाहीत. हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. त्या संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता. पुढे कोचीन-त्रावणकोर आणि इतर मुलूख झाले. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तहमिना गेल्या. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक आले आणि पक्षी ओळखणे ही साहेबी चीज उरली नाही. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेले दहा खंड १९६४ ते १९७४ या काळात पुरे झाले. पद्मभूषण, पद्मविभूषण झाले. १९७६ साली एक लाख डॉलरचे गेटी पारितोषिक मिळाले, त्यातून त्यांनी निसर्गरक्षणासाठी निधी उभा केला. १९८५ साली राज्यसभेवर नियुक्ती झाली आणि २० जून १९८७ रोजी ते गेले.

वहीतून कायद्याकडे

नोंद ठेवणाऱ्या या गोतावळ्यात ते एकटे नव्हते. त्यांचे आप्त हुमायून अब्दुलअली (१९१४–२००१) व्यापार सांभाळून पक्ष्यांचा अभ्यास करत. बारा वर्षांच्या आसपास ते सोसायटीचे मानद सचिव होते. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा तयार होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सबंध देशासाठीचा कायदा त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९७२ साली आला. बेडकांचे पाय परदेशी पाठवण्याचा धंदा जोरात होता, तेव्हा बेडूक शेतातले किती किडे खातो आणि तो गेला तर शेतकऱ्याचे काय नुकसान होते, हे हुमायूनभाईंनी मांडले. १९८७ साली ती निर्यात बंद झाली. ऊस-भाताच्या बांधावर पावसाळ्यात बेडूक ओरडतात तेव्हा मला त्यांची आठवण होते. सलीम अलींच्या भाचीचे पती जफर फतेहअली यांनी १९६० च्या सुमारास पक्षी पाहणाऱ्यांसाठी एक छोटेखानी वार्तापत्र सुरू केले आणि ते अनेक वर्षे चालवले. गावोगावचे शिक्षक, कारकून, डॉक्टर आपापल्या नोंदी त्यात पाठवू लागले. त्यांच्या पत्नी लईक फतेहअली यांनी सलीम अलींबरोबर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले.

कोकण किनाऱ्यावर याच काळाची दुसरीही एक खूण आहे. मुरूडजवळचे फणसाडचे जंगल हे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे राखीव शिकारीचे रान. शिकारीसाठी का होईना, कुऱ्हाड तिथे लांब राहिली. १९८६ साली ते अभयारण्य झाले. समुद्राच्या इतक्या जवळ शेकरू, बिबट्या आणि झाडांवर चढत गेलेले गारंबीचे अजस्र वेल आजही तिथे आहेत. तिथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. फणसाड हे नावही अशाच एका गाणीचे.

पण नवाबाचे रान आणि विद्वानाची वही यांच्यावर सगळे सोडून भागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचे उदाहरण पाहा. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि ती अंडी खाण्यासाठी, विकण्यासाठी उकरली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना बरोबर घेतले. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिले समुद्रात गेली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. काल अंडी उकरणारा हात आज त्यांची राखण करतो, पाहुण्यांना घरी जेवू घालतो आणि चार पैसे मिळवतो. कायदा तर आधीपासून होताच, गावाला ते आपले काम वाटले तेव्हा कासवे वाचली.

आमचा माळ, आमची बाभूळ

आता अंथुर्ण्याकडे येते. समुद्र आमच्यापासून फार लांब. पण पाण्याने आमचाही मुलूख बदलला. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. १९३० च्या दशकात शेजारी वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस आला. १९८० साली उजनी धरण झाले. भीमेकाठची गावे बुडाली, माणसे उठली, आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरू लागले. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक घरटी करतात. आमच्या वाडवडिलांनी न पाहिलेली पाखरे आमची मुले पाहतात.

पण पाण्याची पाखरे आली तशी माळाची गेली. सलीम अलींनी ज्याला राष्ट्रीय पक्षी करावा म्हणून आग्रह धरला, तो माळढोक आमच्या शेजारच्या सोलापूरच्या माळांवरचा. १९६३ साली मान मोराला मिळाला. १९७९ साली नान्नजच्या बाजूला माळढोकाचे अभयारण्य झाले, तरी आज महाराष्ट्रात तो दिसणे दुर्मीळ झाले आहे. कारण गवताचा माळ आपण माळ मानतच नाही, 'पडीक' म्हणतो. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते, बोर, हिवर, बाभूळ ही झाडे, त्यांवर जगणारी चिंकारा, लांडगा, खोकड ही जनावरे आपल्या हिशेबात नसतात. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहेत. वनखात्याने आता तिथे आणि बारामतीकडच्या शिर्सुफळला माळरानाची सफारी सुरू केली आहे, ही समाधानाची गोष्ट. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य तर १९९७ पासून आहे. पण अभयारण्याच्या कुंपणाबाहेर काय?

त्याचे उत्तर माझ्याच पदरात आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेत वृक्षारोपण केले. मैदानाच्या टोकाला एक पडकी विहीर होती आणि तिच्यावर झुकलेली जुनी बाभूळ. मुलांना काटे लागतात, दिसायला बरे नाही, म्हणून ती तोडून तिथे गुलमोहर आणि ग्लिरिसिडिया लावायचे ठरले. ठरवणाऱ्यांत मी होते. उपक्रमाचा अहवाल मीच लिहिला आणि त्यात बाभळीचा उल्लेखसुद्धा केला नाही. पुढच्या पावसाळ्यात एका मुलीने विचारले, "आपा, बया यंदा कुठे गेल्या?" उर्दूत सुगरणीला बयाच म्हणतात. त्या बाभळीला दर पावसाळ्यात घरटी लागत होती, आणि ती तिने पाहिली होती, मी नव्हती. ऊस चहूकडे आहे, पाती भरपूर आहेत, पण पाती विणून टांगायला विहिरीवरची काटेरी फांदीच उरली नाही. किहीमची वही वाचली असती तर ती कुऱ्हाड मी थांबवली असती, असे वाटते. निदान थांबवायचा प्रयत्न केला असता.

सलीम अली काही नमाज-रोज्यासाठी ओळखले जाणारे गृहस्थ नव्हते, आणि धर्माविषयी त्यांनी आपली मते मोकळेपणी लिहिली. कदाचित त्यामुळेही आपल्या जलशांत, शाळांच्या भिंतींवर त्यांची तसबीर कमी दिसते. दुसरीकडे, निसर्ग वाचवणे हे आपल्या समाजाचे कामच नव्हे, रोजीरोटीचे प्रश्न काय थोडे आहेत, असे म्हणणारेही आपल्यात आहेत. त्यांना मी एवढेच सांगेन, की किहीमचा तो माणूसही रोजीरोटी गेल्यावरच तिथे आला होता. त्याच्याकडे एक वही आणि घरट्याखाली बसण्याची चिकाटी होती. 'तुम्ही इथले कोण?' असा प्रश्न आपल्या मुलांना अधूनमधून ऐकावा लागतो. त्याला रागाने उत्तर देता येते, तसे माहितीनेही देता येते. ज्या मुलाला आपल्या बांधावरचे गवत, झाड आणि पाखरू नावानिशी ओळखता येते, त्याला ही माती आपली आहे हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

आता सहावीच्या वर्गात एक वही आहे. डाव्या पानावर उर्दू, उजव्या पानावर मराठी. तारीख, जागा, पाहिलेला पक्षी, तो काय करत होता. पहिली नोंद हुदहुदची आहे. विहिरीच्या काठाला बाभळीचे बी टाकून मुलांनी काट्यांचे कुंपण केले आहे. रोप आता मुलांच्या खांद्याएवढे झाले आहे. घरटी टांगण्याजोगे व्हायला त्याला अजून बरेच पावसाळे लागतील. वहीत बयाच्या नावाचे पान मात्र मुलांनी आत्तापासूनच कोरे ठेवले आहे.